बॅगेतलं मीठ

सावंतवाडीहून निघालेली तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला लागते तेव्हा फलाटावर अर्धं कोकण उतरतं. आगळाच्या बाटल्या, सुके बांगडे, गोणपाटात बांधलेले फणस, आणि त्या सगळ्यांना सांभाळत जिना चढणारी माणसं. अलीकडे या सामानात एखादी चाकांची मोठी काळी बॅगही दिसते. तिच्या तळाशी हात लावला तर हाताला ओल लागते. बॅगेत वेटसूट, मास्क, फिन्स आणि पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर असतो. काल सकाळी हे सगळं मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, पाण्याखाली होतं.

ती बॅग मी कितीतरी वेळा लालबागेतल्या आमच्या चाळीचे तीन मजले चढवून आणली आहे. एकदा परतीच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला. शेवटची डाइव्ह सकाळी अकराला संपली. होडी किनाऱ्याला लागली, जेवण झालं, सामान भरलं, संध्याकाळी कुडाळला गाडी पकडली. रात्रभर बॅग बर्थखाली. सकाळी घरी पोचले तर नळ गेलेला. पिंपातलं पाणी स्वयंपाकाचं, त्याला हात लावायची सोय नाही. मला कामावर जायचं होतं. म्हणून सगळं गॅलरीच्या कठड्यावर टाकून गेले आणि शनिवारी धुतलं. म्हणजे तीन दिवसांनी. तोवर सूट वरून वाळला होता आणि मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

निम्मं नुकसान झालं होतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. घरातल्या चहाच्या चमच्याने सहा चमचे. सामान ओलं असेपर्यंत हे मीठ साध्या पाण्याने सहज निघून जातं. वाळलं की त्याचे खडे होतात, आणि हे खडे शिवणीत, चेनच्या दातांत, बटणाच्या कडेला, झडपेच्या बैठकीवर बसतात. मग वरून कितीही पाणी ओता, ते खड्यांच्या वरून वाहून जातं. तासभर भिजत ठेवल्याशिवाय ते सुटत नाहीत.

मुंबईच्या डायव्हरची गोष्ट मुळातच वेगळी आहे. आपल्या दारातला समुद्र डाइव्हिंगचा नाही. गिरगाव चौपाटीवर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी पावलं दिसत नाहीत. त्यामुळे इथला माणूस तरणतलावात शिकतो आणि खरी डाइव्ह मारायला मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, फार झालं तर अंदमान गाठतो. हौशी माणसाच्या वाट्याला वर्षात आठ-दहा दिवस समुद्र येतो. उरलेले साडेतीनशे दिवस त्याचं सामान परळच्या, दादरच्या, गिरगावच्या घरात, बहुतेक वेळा पोटमाळ्यावर असतं. सामान समुद्राने झिजतं असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की ते घरात खराब होतं, आणि आपण चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींनी होतं.

माझे काका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली, पण हात गेला नाही. चाळीतला कुठलाही पंप, कुठलाही स्टोव्ह त्यांच्याकडे येतो. माझा रेग्युलेटर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांनी तो तोलून पाहिला, नखाने एका कोपऱ्यावर टोकरलं आणि म्हणाले, "गो बाय, ह्यां आतून पितळ आसा."

अगदी बरोबर. बहुतेक रेग्युलेटरचा फर्स्ट स्टेज, म्हणजे हवेच्या टाकीवर बसणारा तो जड गोळा, पितळेचा असतो आणि त्यावर क्रोमचा मुलामा असतो. ज्यांच्या घरात पितळेची भांडी होती त्यांना हे सांगायला नको. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. क्रोम म्हणजे या पितळेची कल्हईच. ती एकदा टवका जाऊन उडाली की मीठ आणि दमट हवा आतल्या पितळेला धरतात आणि हिरवी पूड दिसू लागते.

काकांनी ती हिरवी पूड पाहिली आणि मी कामावर असताना, पुतणीवरच्या मायेने, चिंचेचा कोळ लावून ती घासून काढली. देव्हाऱ्यातली समई घासावी तशी. संध्याकाळी मी आले तर गोळा लखलखत होता. शिवाय नळीच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले होते, म्हणजे फिरायला हलकं जाईल.

यातल्या दोन्ही गोष्टी करू नयेत, हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर ही आंबटं जिथे मुलामा गेलाय तिथे आत उतरतात आणि पितळ खात राहतात. आणि तेल तर या यंत्रात कुठेच नको. ज्या नळीत तेल सोडलं त्याच नळीतून आपण श्वास घेणार असतो. खनिज तेलाने काही रबरं फुगतात आणि मऊ पडतात. टाकीत साध्या हवेऐवजी जास्त ऑक्सिजनचं मिश्रण असेल तर दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडून पेट घेण्याचाही धोका असतो. साध्या हवेच्या रेग्युलेटरमध्ये सांध्यातल्या रबरी ओ-रिंगला लागलंच तर सिलिकॉनचं ग्रीस, तेही बोटाला जेमतेम ओल लागेल इतकं. खोबरेल, व्हॅसलीन, गंज सोडवायचा फवारा यांपैकी काहीही नाही.

रेग्युलेटर सर्व्हिसिंगला नेला तेव्हा काकाही बरोबर आले. तंत्रज्ञाने पांढऱ्या कापडावर एकेक भाग उलगडून ठेवला. फर्स्ट स्टेज जिथे टाकीवर बसतो, तिथे त्याच्या तोंडात करंगळीच्या नखाएवढी एक धातूची चकती असते. ती गाळणी. बारीक कण दाबून बनवलेली, चंदेरी. माझी हिरवी पडली होती, शेवाळलेल्या दगडासारखी. त्या हिरव्या रंगाला काकांची चिंच जबाबदार नव्हती. आत समुद्राचं पाणी गेलं होतं, आणि ते मी घातलं होतं.

कसं, ते नीट सांगते, कारण ही चूक मी ओळखीच्या निम्म्या डायव्हरांच्या घरी पाहिली आहे. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर एक काळी टोपी असते, डस्ट कॅप. टाकीवरून रेग्युलेटर काढला की आधी ही टोपी आतून कोरडी करायची, मग घट्ट लावायची, आणि मगच त्याला पाणी दाखवायचं. मी घाईत टोपी ओलीच लावली होती, आणि एकदा तर लावलीच नव्हती. बादलीत सगळं एकदम बुडवलं. दुसरी चूक बटणाची. तोंडात धरायच्या भागावर, म्हणजे सेकंड स्टेजवर, मधोमध पर्ज बटण असतं. पाण्यात बुडवल्यावर ते दाबून पाहायचा मोह होतो. आतलं मीठ निघेल असं वाटतं. टाकी जोडलेली असेल तर दाबलं तरी हवा बाहेर येते. टाकी नसताना दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत चढतं. तिथे ते वर्षभर बसतं. टाकीत २०० बार दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ नव्वद पट. फर्स्ट स्टेज तो ९-१० बारवर आणतो. इतकं नाजूक काम करणाऱ्या झडपेच्या बैठकीवर मिठाचा एक कण बसला तरी हवा झिरपायला लागते.

काका तंत्रज्ञाकडून हे सगळं मन लावून ऐकत होते. घरी येताना त्यांना मी सांगितलं की हे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलं, आणि गान्यां हा गॅसचा इंजिनिअर होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर मोटारी चालवायची झडप त्याने बनवली होती, तिच्यातून ही कल्पना निघाली. म्हणजे आपल्या गॅस सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचं हे भावंडच. काकांना हे फार आवडलं. तेव्हापासून ते माझ्या सामानाला हात लावायच्या आधी विचारतात, आणि मी त्यांना विचारल्याशिवाय एकही बोल्ट फिरवत नाही. आतलं उघडायचं काम मात्र दोघांचंही नाही. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीने, बहुतेक रेग्युलेटरना वर्षा-दोन वर्षांनी, ते प्रशिक्षित माणसाकडेच द्यावं लागतं, वापर एकदाच झाला असला तरी. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं.

रेग्युलेटरची निदान सगळ्यांना काळजी असते. बीसीडीची कुणालाच नसते. बीसीडी म्हणजे अंगात घालायचं हवेचं जॅकेट. हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. बाहेरून लोक ते छान धुतात. आतल्या पिशवीचं काय? डाइव्हमध्ये हवा सोडताना दरवेळी थोडं पाणी आत येतं. डाइव्ह संपल्यावर जॅकेट हलवून पाहा, आत पाण्याचा आवाज येईल. ते तसंच वाळलं तर पिशवीत मिठाचे टोकदार खडे उरतात, घडी पडली की पिशवीला आतून टोचतात, आणि जिथे मीठ नाही तिथे पावसाळ्यात बुरशी धरते.

पण खरी भीती इन्फ्लेटरची. हवा भरायचं ते बटण मिठाने चिकटलं आणि दाबल्यावर परत वर आलं नाही, तर जॅकेट फुगत राहतं आणि माणूस बुचासारखा वर येतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे फुप्फुसात भरलेली हवा श्वास रोखून वर आलात तर दुप्पट जागा मागते. डाइव्हिंगच्या पहिल्याच धड्यात शिकवतात की श्वास कधी रोखू नका, हळू वर या. हळू यायचं की नाही हे चिकटलेलं बटण ठरवू लागलं तर धडा पाठ असून भागत नाही. बटण दाबा, सोडा, टक्कन वर आलं पाहिजे. मी आता हे टीव्ही पाहता पाहताही करते.

आतून धुवायची रीत सोपी आहे. इन्फ्लेटरच्या तोंडातून एक-तृतीयांश पिशवी भरेल इतकं गोडं पाणी सोडायचं, उरलेली हवा भरायची, जॅकेट उलटंपालटं करून खळखळवायचं आणि पाणी नळीच्या तोंडातून आणि खालच्या झडपेतून काढून टाकायचं. दोनदा, तीनदा. शेवटचं पाणी जिभेच्या टोकाला लावून बघावं. खारट लागलं तर आणखी एकदा. मग अर्धवट फुगवून ठेवायचं, म्हणजे पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मुंबईच्या नळाचं पाणी या कामाला उत्तम आहे. तानसा, मोडकसागर, भातसा अशा तलावांतलं, शंभरेक किलोमीटरवरून आलेलं हे पावसाचं गोडं पाणी आहे. गिरगावातल्या जुन्या वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. मुगभाटजवळ राहणारी माझी मैत्रीण नळाचं पाणी वाचवावं म्हणून विहिरीच्या पाण्याने सूट धुवायची आणि दर वेळी चेनवर पांढरा थर का येतो याचं तिला कोडं पडायचं. किनाऱ्यावरच्या विहिरींचंही तेच. आणि डाइव्हिंगच्या ठिकाणी जी एकच मोठी टाकी किंवा पिंप ठेवलेलं असतं, ज्यात सकाळपासून तीस जणांनी आपलं सामान बुचकळलेलं असतं, ते दुपारपर्यंत समुद्रच झालेलं असतं. त्यात धुतलं म्हणजे धुतलं, असं धरून चालू नये.

म्हणून मी क्रम बदलला. शेवटच्या डाइव्हनंतर रेग्युलेटर टाकीवर असतानाच, दाबाखाली, स्वच्छ पाण्याने धुऊन घेते. डाइव्ह सेंटरवरच्या मुलांना आधी सांगून ठेवलं की ते टाकी लगेच उचलत नाहीत. ही बहुतेक मुलं मच्छीमारांच्या घरची. होडीचं इंजिन गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ती जेवायला बसत नाहीत, त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. सूट तिथेच पिळून, म्हणजे दाबून, निथळत ठेवते. आणि गाडीत तो प्लास्टिकमध्ये गुंडाळत नाही. बारा तास बंद पिशवीत राहिलेल्या ओल्या निओप्रीनला, म्हणजे सूटच्या रबराला, जो वास येतो तो नंतर कशानेही पूर्ण जात नाही.

घरी आल्यावर वाळवणं. इथे आपली सवय आडवी येते. चाळीच्या गच्चीवर मे महिन्यात पापड, कुरडया, सांडगे वाळतात. जितकं कडक ऊन तितकं चांगलं. हिंदू कॉलनीतल्या एका ओळखीच्यांनी त्याच हिशेबाने सूट गच्चीवर दिवसभर उन्हात टाकला, दर खेपेला. दोन वर्षांत काळा सूट तपकिरी पडला आणि खांद्यावर वाकवला की बारीक भेगा दिसू लागल्या. निओप्रीन हे रबर १९३०मध्ये अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत तयार झालं आणि १९५२च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचा वेटसूट केला. ते फेसासारखं असतं, आत हजारो बारीक बुडबुडे. त्या बुडबुड्यांतला वायू शरीराची ऊब धरतो. उन्हाने वरचं रबर कडक होतं आणि चिरतं. म्हणून सूट आधी उलटा करून, मग सुलटा, सावलीत, वाऱ्यावर. तारेवरच्या पातळ हँगरला नको, खांद्यात खोल खूण पडते; रुंद हँगर, किंवा कंबरेत दुमडून जाड बांबूवर. वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये तर कधीच नाही.

आणि मग पोटमाळा. जागा नाही हे मला कुणी सांगू नये. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण वाढलो. पण पोटमाळ्यावर आपण सामान कसं ठेवतो ते आठवा. खाली वेटसूटची घडी, तिच्यावर बॅग, तिच्यावर गणपतीच्या मखराच्या पाट्या, त्यांच्यावर जुनी पितळेची घंगाळं. वर्षभर इतकं ओझं बसलं की घडीच्या जागी बुडबुडे चिरडले जातात आणि ते परत फुगत नाहीत. पाण्यात नेमक्या त्या रेषेवर गारवा लागतो. रेग्युलेटरच्या नळ्यांचंही तसंच. काटकोनात दुमडून ठेवल्या की आतला थर तिथे तुटतो. मोठा वळसा देऊन ठेवाव्या. फ्रिज किंवा पाण्याच्या पंपाच्या मोटारीशेजारचा कोपरा रिकामा दिसतो, पण तिथल्या सततच्या उष्णतेने रबर लवकर म्हातारं होतं.

डांबरगोळ्यांबद्दल मला आईशी बराच वाद घालावा लागला. तिच्या मते गोळ्या टाकल्याशिवाय कुठलीही बॅग वर जाऊच नये. पण त्यांचा वास सिलिकॉन आणि रबर शोषून घेतं, आणि तोच माउथपीस मी तोंडात धरून श्वास घेणार. झुरळांची तिची भीती मात्र शंभर टक्के खरी होती. एका वर्षी सेकंड स्टेजच्या श्वास सोडायच्या फटीत झुरळाचं तपकिरी अंड्याचं बोंड सापडलं. अंधार, ऊब आणि माणसाच्या लाळेचा वास असलेली जागा त्यांना आवडणारच. आता सगळं पूर्ण वाळलं की रेग्युलेटर जाड सुती पिशवीत जातो, पिशवीचं तोंड नाडीने आवळलेलं. आईच शिवून देते.

मास्क वेगळ्या डब्यात. पारदर्शक सिलिकॉन काळ्या रबराला चिकटून राहिलं तर पिवळं, मग करडं पडतं आणि तो डाग निघत नाही. फिन्स टोकांवर उभ्या करू नयेत, पातं वाकतं ते वाकतंच. सुरी धुऊन कोरडी. डाइव्ह कॉम्प्युटरची बटणं पाण्याखाली धरून दाबून घ्यायची. टाकी घरी ठेवणारे फार थोडे. ठेवलीच तर उभी, आणि कधीही पूर्ण रिकामी नाही, थोडा दाब आत असला की ओलसर हवा शिरत नाही. लोखंडी टाकीत पाणी शिरलं आणि महिनोन्महिने पडून राहिलं तर गंज आतला ऑक्सिजनच खातो, म्हणजे भरलेली दिसणारी टाकी श्वासाला पुरत नाही.

राहता राहिला पावसाळा. तेव्हा मालवणचं डाइव्हिंग बंद असतं आणि त्याच वेळी मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. वर्षातला सगळ्यात वाईट काळ सामान घरात काढतं. जुलैत मी दर दुसऱ्या रविवारी सगळं खाली काढते आणि रात्रभर पंख्याखाली ठेवते. घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. कुणी तक्रार करत नाही, हे मी त्यांचे उपकारच मानते.

दसऱ्यानंतर मालवणचा समुद्र निवळू लागतो आणि आमच्याकडे दिवाळीची साफसफाई निघते. यंदाही बॅग खाली आली. गॅलरीत पाट टाकून मी एकेक वस्तू मांडली, काका शेजारी स्टुलावर. शेवटी ती परीक्षा, जिला टाकी लागत नाही. डस्ट कॅप घट्ट लावायची, माउथपीस तोंडात धरायचा आणि हळू श्वास ओढायचा. सगळं धड असेल तर काहीच येत नाही. नुसता जोर लागतो. यंदा किंचित हवा आली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माउथपीस उजेडात धरला आणि दातांच्या खुणेपाशी सुईच्या टोकाएवढं भोक दाखवलं. डब्यात नवा माउथपीस होता. जुना प्लास्टिकचा टाय कापला, नवा आवळला, उरलेलं टोक छाटलं.

"वारो येता?" काकांनी विचारलं.

मी पुन्हा ओढून पाहिलं आणि मान हलवली. नाही.